रापलेला तो, टॅन झालेली ती

होळी झाली की आपल्या फोनवर एक साहित्यप्रकार उगवतो. त्याला साहित्यप्रकार म्हटलेलं काहींना आवडणार नाही, पण त्याला ठरलेली सुरुवात आहे, खलनायक आहे, उत्कर्षबिंदू आहे आणि ठरलेला शेवटही आहे. 'उन्हाळ्यासाठी मी ही सात प्रॉडक्ट्स वापरून पाहिली.' बॉडी वॉश, फेस वॉश, सनस्क्रीन, एखादं सिरम, 'डी-टॅन' पॅक, घामात न ओघळणारं काजळ, मॅट लिपस्टिक. सुरुवातीला उन्हाबद्दल तक्रार, मग डबे उघडण्याचा आवाज, हाताच्या मागच्या बाजूला लावलेली क्रीमची रेघ, "बघा, किती पटकन मुरतं", आणि शेवटी खाली दिलेली लिंक.

मी या वर्षी मार्च ते मे हा प्रकार मन लावून वाचला आणि पाहिला. लिहिलेले लेख, रील्स, अर्ध्या तासाचे व्हिडिओ. त्यांत सुचवलेल्या बऱ्याच गोष्टी वापरूनही पाहिल्या. आपल्यापैकी अनेकींनी वर्षभरात स्वतःच्या शरीराबद्दल जे काही मराठीत वाचलं-ऐकलं असेल, त्यातला सर्वांत मोठा वाटा याच प्रकाराचा असणार. कवितासंग्रहाची समीक्षा होते, सिनेमाची होते, मग याचीही व्हायला हवी. हा प्रकार काय तपासतो, काय तपासत नाही, आणि कुठल्या भाषेत बोलतो, एवढंच इथे पाहायचं आहे.

थंडावा नावाचा पुरावा

अंघोळीपासून सुरू करू, कारण हे लेखही तिथूनच सुरू होतात. पुदिना, वाळा, काकडी, 'आइस', 'फ्रॉस्ट', 'आर्क्टिक'. उन्हाळी बॉडी वॉशच्या बाटल्या रांगेत ठेवल्या तर हिमालयाची मोहीम निघाल्यासारखं वाटतं. ही हौस नवी नाही. आपल्या आज्यांच्या पिढीत चेहऱ्याच्या क्रीमला सरसकट 'स्नो' म्हणत. मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' घराघरांत होता आणि 'स्नो-पावडर लावणे' हा नटण्याला सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग होता. ज्यांनी जन्मात बर्फ पडताना पाहिला नाही, त्या बायका रोज सकाळी चेहऱ्याला बर्फ लावत होत्या.

आजच्या बाटलीतला बर्फ म्हणजे बहुतेक वेळा मेंथॉल. ते लावल्यावर गार वाटतं, हे खरंच. पण त्याने शरीराचं तापमान खाली येत नाही. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राहक असतो, त्याचं नाव टीआरपीएम-८. तो खऱ्या थंडीने जागा होतो, तसाच मेंथॉलनेही होतो. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी आपापल्या प्रयोगशाळांत हा ग्राहक शोधला. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात, या संशोधनासाठी दोघांना २०२१चं नोबेल मिळालं. थोडक्यात, पुदिन्याचा साबण मेंदूला 'गार झालं' असा निरोप पाठवतो. शरीर मात्र होतं तेवढंच तापलेलं असतं.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. दुपारी घरी आल्यावर पाच मिनिटं गार वाटणं ही काही कमी गोष्ट नव्हे. पण परीक्षणात जेव्हा 'वापरताच थंडावा मिळाला, म्हणजे काम करतं' असं येतं, तेव्हा संवेदनेला पुरावा केलेलं असतं. घामोळ्याच्या पावडरीचंही तेच. घामोळं म्हणजे घामाच्या नलिकांची तोंडं बंद होऊन घाम आत अडकणं. त्यावर खरा उपाय म्हणजे त्वचा कोरडी आणि मोकळी ठेवणं, सैल सुती कपडे, वारा. पावडरीने चुणचुण कमी होते आणि बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्याला गुण जरूर द्यावेत, पण किती आणि कशासाठी, हे सांगावं.

या सगळ्या परीक्षणांचा वेळ पाहा. लावल्यापासून पहिली पाच मिनिटं. मुरतं का, चिकट आहे का, वास कसा. हे म्हणजे कादंबरीचं मुखपृष्ठ आणि पहिलं पान वाचून अभिप्राय देण्यासारखं. उन्हाळ्याची खरी परीक्षा दुपारी तीनला असते आणि त्या वेळी कॅमेरा बंद असतो.

कुठला उन्हाळा?

दुसरा प्रश्न त्याहून साधा आहे. 'उन्हाळ्यासाठी' म्हणजे कुठल्या उन्हाळ्यासाठी? महाराष्ट्रात किमान दोन उन्हाळे आहेत. चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जाणारा, कोरडा. घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो. मुंबई-रत्नागिरीचा उन्हाळा ३३-३४ अंशांचा, पण हवेत एवढा दमटपणा की घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच शरीर गार होतं, म्हणून आकडा कमी असूनही जीव तिथे जास्त कासावीस होतो. नागपुरात कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर मुंबईत लावला तर खोलीचं न्हाणीघर होतं. हे आपल्याला कूलर घेताना बरोबर कळतं. सनस्क्रीन घेताना कुणी सांगत नाही.

मी जेल प्रकारचं एक सनस्क्रीन या दोन्ही हवांत वापरलं. ठाण्याहून लोकलने जाताना ते बरं वाटलं, हलकं, न तेलकट. विदर्भात लग्नाला गेले तेव्हा तेच जेल दुपारपर्यंत सुकून चेहरा ओढल्यासारखा झाला, गालावर बारीक पापुद्रे दिसायला लागले. तिथे थोडं जाडसर, स्निग्ध क्रीम सुखाचं ठरलं. तेच क्रीम ठाण्यात घामाबरोबर कपाळावरून डोळ्यांत उतरलं आणि प्लॅटफॉर्मवर डोळे चोळत उभं राहावं लागलं. सनस्क्रीन डोळ्यांत गेल्यावर किती झोंबतं, हे उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. मी पाहिलेल्या परीक्षणांपैकी फार थोड्यांत त्याचा उल्लेख होता. साहजिक आहे. एसीच्या खोलीत, गोल दिव्यासमोर बसलं की घाम येत नाही, आणि घाम आला नाही की काहीच डोळ्यांत जात नाही.

तीन महिने पुरते

सनस्क्रीन हा या साहित्यप्रकाराचा नायक आहे आणि तो नायक असावा, यात वाद नाही. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांपासूनच्या संरक्षणाचा. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० असेल तर ९७ टक्के, ५० असेल तर ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० यांतला फरक डब्यावर दिसतो तेवढा मोठा नाही. पीए आणि पुढची अधिकची चिन्हं ही जपानमधून आलेली पद्धत यूव्हीएबद्दल सांगते. यूव्हीए खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतं, म्हणून काच लावून एसटीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशालाही ते भेटतं.

आता एक वाक्य, जे मला पुन्हापुन्हा भेटलं, कौतुक म्हणून: 'पन्नास ग्रॅमची ट्यूब मला आरामात तीन महिने पुरते.' हे वाक्य नीट वाचू. डब्यावरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावलेला असतो. चेहरा आणि मान यांसाठी तो हिशेब साधारण एक ग्रॅमच्या आसपास जातो. 'दोन बोटं भरून घ्या' असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, ते त्यासाठीच. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब ५० वेळा. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, ते सोडून द्या. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, एवढंच धरलं तरी ट्यूब २५ दिवसांत संपते. ती तीन महिने पुरत असेल, तर दिवसाला अर्धा ग्रॅम जातोय, तोही एकदाच. डब्यावर ५० लिहिलेलं आहे, चेहऱ्यावर ते बरंच कमी आहे. ट्यूबचं कौतुक करणारं वाक्यच सांगतंय की ट्यूब तपासली गेली नाही.

मग खर्चाचा प्रश्न येतो, आणि इथे हा साहित्यप्रकार गप्प बसतो. पाचशे रुपयांची ट्यूब २५ दिवसांत संपत असेल तर महिन्याला सहाशे रुपये, एकीच्या फक्त चेहरा-मानेचे. घरात दोघी बहिणी आणि आई असेल तर? हा हिशेब मांडला की बाकीचे उपाय आपोआप आठवतात: छत्री, टोपी, पूर्ण बाह्या, सावलीची बाजू. पुण्यात स्कूटरवरून जाणाऱ्या मुली डोक्या-तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, हातमोजे आणि सनकोट घालतात. त्यावर विनोद खूप झाले. पण घट्ट विणीचं कापड घामाने ओघळत नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही आणि डोळ्यांत जात नाही. 'उन्हाळ्यात मी हे वापरून पाहिलं' या यादीत स्कार्फ आलेला मी एकदाच पाहिला. त्याची लिंक देऊन कमिशन मिळत नाही, हे कारण असावं असा माझा संशय आहे.

शब्द बदलला, प्रश्न तोच

पण माझं खरं भांडण आहे ते 'टॅन' या शब्दाशी.

या सगळ्या लेखांत उन्हाळ्याचा खलनायक एकच. उष्माघात नव्हे, घामोळं नव्हे, डोळ्यांची आग नव्हे. टॅन. 'टॅन बसला', 'टॅन काढा', 'हट्टी टॅन'. पार्लरमध्ये तर त्याचं क्रियापद झालंय: 'डी-टॅन करून घे.' गंमत म्हणजे हा शब्द जिथून आला तिथे तो मिरवण्याचा आहे. १९२०च्या दशकापासून युरोप-अमेरिकेत उन्हाने तांबूस झालेली त्वचा म्हणजे सुट्टी, समुद्र, पैसा. आपल्याकडे तोच शब्द येताना उलटा होऊन आला आणि मळ झाला. घासून, खरवडून, पॅक लावून काढायची गोष्ट.

मराठीत त्याला आधीच एक शब्द होता. रापणे. पण तो कुणासाठी वापरतो ते पाहा. शेतकऱ्याचा रापलेला चेहरा. समुद्रावर रापलेला खलाशी. उन्हातान्हात राबून रापलेले बापाचे हात. शब्दात कष्ट आहेत, अनुभव आहे, आदर आहे. आता तोच शब्द एकवीस वर्षांच्या मुलीला लावून पाहा. 'काय गं, रापलीस!' लगेच ती तक्रार होते. बहुतेक वेळा तर तिच्या वाट्याला हा शब्द येतच नाही. ती 'काळवंडते', 'काळी पडते', 'कोमेजते'. मावशी दारातच म्हणते, "अगं, किती काळवंडलीस! काही लावत नाहीस का?" त्याच उन्हातून आलेल्या भावाला ती पाणी देते.

'टॅन' या शब्दाने काय केलं, तर मावशीच्या वाक्यातलं 'काळी' काढलं आणि वाक्य तसंच ठेवलं. 'मला गोरं व्हायचंय' असं आज कुणी म्हणत नाही, ते जुनाट वाटतं. 'मला माझा मूळ रंग परत हवाय' असं म्हणतात. ऐकायला किती रास्त! पण या परीक्षणांतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत मूळ रंग नेहमी उजळच कसा निघतो? सावळ्या मुलीचा मूळ रंगही सावळाच असतो, एवढी साधी शक्यता त्या फोटोंत नसते. 'नंतर'च्या फोटोत बहुतेक वेळा उजेडही वाढलेला असतो, हे सांगायला वेगळी नजर लागत नाही.

कंपन्यांनीही हेच केलं. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. त्याआधी २०१४ साली जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'आस्की' या स्वयंनियमन संस्थेने गोरेपणाच्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली होती: सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नका. जाहिरातवाल्यांनी मग 'ग्लो', 'ब्राइट', 'रेडियन्स' असे शब्द उचलले. २०२१ साली याच संस्थेने इन्फ्लुएन्सरांनाही सांगितलं की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहा. काही लिहितात. पण ज्या मुलीला कुणी एक रुपया दिलेला नाही, तीही आज 'टॅन', 'डल', 'ग्लो' याच शब्दांत स्वतःच्या चेहऱ्याबद्दल बोलते. जाहिरातीवर नियम लावता येतो. जाहिरातीची भाषा आपली झाली की तिला नियम लागत नाही.

शास्त्राच्या बाजूनेही हा खलनायक चुकीचा निवडलाय. राप म्हणजे वर बसलेला मळ नव्हे. उन्हाचा मारा झाला की त्वचा मेलॅनिन वाढवते, आतल्या पेशींच्या गाभ्याला सावली करण्यासाठी. तो इजेचा खुणावणारा झेंडाही आहे आणि बचावाची धडपडही. ऊन टाळलं तर तो काही आठवड्यांत आपसूक फिका होतो. खरवडून काढण्याच्या नादात मात्र नवी दुखणी येतात. घरगुती उपायांना सरसकट निरुपद्रवी मानणाऱ्यांनी लिंबाचं उदाहरण लक्षात ठेवावं. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे राहतात. 'टॅन घालवायला लिंबू चोळा' हा सल्ला आजीचा असो की रीलचा, तो वाईटच सल्ला आहे.

उलट आपल्या त्वचेचा जो खरा उन्हाळी प्रश्न, त्याला हे लेख हात लावत नाहीत. तो म्हणजे वांग. गालांवर, कपाळावर येणारे तपकिरी डाग. गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेत ते जास्त आढळतात आणि नुसत्या यूव्हीने नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात. त्या प्रकाशाला अडवायला रंगीत सनस्क्रीन उपयोगी पडतं, कारण त्यात लोहाचे ऑक्साइड असतात. आता अशा 'टिंटेड' सनस्क्रीनच्या छटा पाहायला दुकानात जा. मी दोन दुकानांत गेले. एकात एकच छटा होती, 'युनिव्हर्सल' नावाची, आणि ती माझ्या मनगटावर पिवळट पांढरी दिसत होती. दुसऱ्यात तीन होत्या, तिघीही गोऱ्यापानच. जिला या गोष्टीची सर्वाधिक गरज, तिच्या रंगाचीच ती बनत नसेल, तर हे परीक्षणात पहिल्या ओळीत यायला हवं. 'थोडा व्हाइट कास्ट आहे, पण चालवून घ्या' असं शेवटून दुसऱ्या ओळीत नव्हे.

मग हे बंद करावं का?

अजिबात नाही. 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणणाऱ्यांच्या बाजूला मला उभं राहायचं नाही. त्यांच्या वेळी स्नो होता, पावडर होती, मोगऱ्याचा गजरा होता आणि वाळ्याचं अत्तर होतं. उन्हाळ्यात नटावंसं वाटणं, अंघोळीनंतर स्वतःच्या अंगाला चांगला वास यावा असं वाटणं, हे फार जुनं आणि फार निरोगी सुख आहे. कॉलेजहून परत येताना काजळ जागेवर आहे हे आरशात पाहून होणारा आनंद खराच असतो.

आणि याच प्रकारात मला दोन-तीन फार चांगली परीक्षणंही भेटली. काजळ आणि लिपस्टिकच्या बाबतीत तर हा प्रकार सर्वांत प्रामाणिक असतो, कारण तिथे खोटं लपत नाही. एका मुलीने सकाळी आठला काजळ लावलं आणि दर दोन तासांनी फोन समोर धरला: बसस्टॉपवर, वर्गात, डबा खाल्ल्यावर, स्कूटरवरून उतरल्यावर. दुपारी चारला डोळ्यांखाली काळी नदी वाहत होती. ती हसली, किंमत सांगितली आणि म्हणाली, "लग्नाच्या हॉलमध्ये चालेल, नाशिकच्या मे महिन्यात नाही." गाव, महिना, वेळ, किंमत, निकाल. समीक्षकाकडून मला आणखी काय हवं? तिने एकदाही 'टॅन' म्हटलं नाही. तिचा चेहरा उन्हाने लालसर काळा झाला होता आणि त्याबद्दल तिला काही म्हणायचंच नव्हतं.

उन्हाळ्याचं परीक्षण कसं असावं, याचा धडा मला तिथे मिळाला. वस्तू तपासा, चेहरा नको. क्रीम ओघळलं तर क्रीम नापास. मुलगी रापली तर त्यात नापास होण्यासारखं काही घडलेलं नाही. ती बाहेर गेली होती, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. आणि बाहेर जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. कांदा काढणाऱ्या, टोपली घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या, दुपारच्या उन्हात सर्व्हे करत फिरणाऱ्या आशाताई, पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणाऱ्या मुली. उन्हाळा सर्वांत जास्त ज्यांच्या अंगावर पडतो, त्या या उन्हाळी लेखांच्या वाचक म्हणून कुणाच्या मनातही नसतात.

पुढच्या मार्चमध्ये हा साहित्यप्रकार पुन्हा उगवेल. तेव्हा कुणीतरी दुपारी तीन वाजता, घामाने भिजलेल्या चेहऱ्याने, ट्यूब किती दिवसांत संपली ते सांगत बोलावं, अशी माझी इच्छा आहे. आणि त्यात 'रापलेली' हा शब्द आलाच, तर तो तिच्या भावासाठी वापरतो त्याच स्वरात यावा.